एकदाच मिळणारी परीक्षा: हवाई दलाच्या वैमानिक कल चाचणीची तयारी कशी करावी

बारावीचा पेपर बिघडला तर पुरवणी परीक्षा देता येते. एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा हुकली तर सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं, आणि एसएसबीतून, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीतून तीनतीनदा परत आलेले आज अधिकारी आहेत. हवाई दलाच्या वैमानिक कल चाचणीत मात्र दुसरी संधी नाही. तिचं आजचं नाव सीपीएसएस, म्हणजे कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम. त्याआधी तिला पीएबीटी (पायलट अ‍ॅप्टिट्यूड बॅटरी टेस्ट) म्हणत, आणि जुने लोक अजूनही तेच नाव घेतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर एनडीए, सीडीएस, एफकॅट या प्रवेश परीक्षांपैकी कोणत्याही वाटेने आलात तरी उड्डाण शाखेचं दार बंद.

मुलं याच गोष्टीला घाबरतात आणि घाबरून चुकीची तयारी करतात. ही चाचणी घोकून पास होता येत नाही. पण 'उपजत असेल तर जमेल' म्हणून हातावर हात ठेवून बसण्यातही अर्थ नाही. डायल वाचता येणं, दिशा डोक्यात फिरवता येणं आणि हातापायांना एकमेकांची सवय असणं, एवढं घरी बसून कमावता येतं. त्याला दोनतीन महिने पुरतात.

पहिलं काम: मोजपट्टी घ्या

पुस्तक उघडण्याआधी भिंतीला टेकून उभे राहा. उड्डाण शाखेसाठी किमान उंची 162.5 सेंटीमीटर लागते. मग जमिनीवर भिंतीला पाठ लावून ताठ बसा. जमिनीपासून डोक्यापर्यंतची बैठी उंची 81.5 ते 96 सेंटीमीटरच्या आत हवी. पाय सरळ पसरून भिंतीपासून टाचेपर्यंत 99 ते 120 आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त 64. यात कसलाही लहरीपणा नाही. पाय आखूड असतील तर पेडलपर्यंत पोचत नाहीत, आणि मांडी लांब असेल तर इजेक्शन सीटने बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनलच्या कडेला आपटतात. कॉकपिट तुमच्या मापाने शिवून मिळत नाही.

डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्याची चाचणीही करून घ्या. चष्म्याचे नियम प्रवेशाच्या वाटेप्रमाणे वेगवेगळे असतात, म्हणून ताज्या जाहिरातीतला वैद्यकीय भाग नीट वाचा. माप बसत नसेल तर ते आजच कळलेलं बरं. वर्षभर स्वप्न पाहून शेवटी मोजपट्टीने नाकारलेली मुलं पाहिली आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतो.

चाचणी येते केव्हा

डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी एअर फोर्स सिलेक्शन बोर्ड आहेत. तिथे पहिल्या दिवशी छाननी होते, मग मानसशास्त्रीय चाचण्या, गटातली कामं, मुलाखत आणि शेवटी कॉन्फरन्स, म्हणजे निवड मंडळासमोरची अखेरची भेट. इतकं पार करून ज्यांची शिफारस होते, त्यांच्यातल्या उड्डाण शाखेच्या उमेदवारांची सीपीएसएस होते. म्हणजे तुम्ही तिच्यासमोर बसाल ते चारपाच दिवस दमून, अर्धवट झोपून आणि शिफारशीच्या आनंदात तरंगत. तयारी करताना हे लक्षात ठेवा. सराव सकाळी ताज्या डोक्याने करायचाच, पण आठवड्यातून एकदा रात्री दमल्यावरही तोच सराव करून पाहा.

चाचणीचे ढोबळ दोन भाग आहेत. एकात विमानातल्या उपकरणांची चित्रं पाहून उत्तरं द्यायची, दुसऱ्यात यंत्रासमोर बसून हातापायांनी काम करून दाखवायचं.

डायल वाचायला शिका

कोणत्याही साध्या विमानाच्या पॅनलवर सहा मूळ उपकरणं असतात: वेगमापक, कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, वळण दाखवणारं उपकरण, दिशादर्शक आणि चढउताराचा दर सांगणारं उपकरण. वेग नॉटमध्ये मोजतात, एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. उंची फुटांत.

सगळ्यात जास्त फसवतो तो उंचीमापक. त्याला घड्याळासारखे काटे असतात: लांब काटा शेकडे दाखवतो, आखूड काटा हजार, आणि तिसरा बारीक काटा दहा हजार. समजा लांब काटा 9 वर आहे आणि आखूड काटा 4 च्या अगदी जवळ. घाईत असलेला मुलगा 4,900 लिहून मोकळा होतो. खरं उत्तर 3,900. घड्याळात हीच चूक आपण कधी करत नाही. लहान काटा चारला टेकत आलाय आणि मोठा नवावर, म्हणजे पावणेचार. त्याला पावणेपाच कोणी म्हणत नाही. आखूड काट्याने 4 ओलांडलाय की अजून त्याच्या अलीकडे आहे, हे आधी पाहायचं आणि मगच लांब काट्याकडे वळायचं. हा क्रम हाडीमाशी मुरला की उंचीमापकाचे प्रश्न हातचे झाले.

चढउताराच्या उपकरणात शून्य डावीकडे, घड्याळातल्या नवाच्या जागी असतो. काटा तिथून वर गेला तर विमान चढतंय, खाली गेला तर उतरतंय.

दिशादर्शकावर आकडे शेवटचं शून्य गाळून लिहितात. 33 म्हणजे 330 अंश, 6 म्हणजे 60. इथे मराठी घरातल्या मुलाला थोडी आघाडी आहे. देवघर ईशान्येला असावं आणि चूल आग्नेयेला, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. वास्तुशास्त्रावर विश्वास असो वा नसो, त्यातल्या उपदिशा कामाला येतात: ईशान्य 45, आग्नेय 135, नैर्ऋत्य 225, वायव्य 315. नेमकी उलटी दिशा काढायची असेल तर 200 मिळवून 20 वजा करा. 70 ची उलटी 250. आकडा 180 च्या वर असेल तर 200 वजा करून 20 मिळवा. बसमध्ये, रांगेत, जेवताना स्वतःलाच प्रश्न घालत राहा: 240 वर उडतोय, डावीकडे 90 अंश वळलो, आता कुठे? 150. हे पाढ्यांसारखं तोंडावर यायला हवं.

कृत्रिम क्षितिज: इथेच खरी परीक्षा आहे

चित्रं पाहून उत्तर देण्याच्या भागातल्या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नात एक कृत्रिम क्षितिज आणि एक होकायंत्र दिलेलं असतं. दोन्ही एकत्र वाचून खालच्या विमानांच्या चित्रांतलं बरोबर चित्र निवडायचं. बुद्धिमान मुलं इथे अडखळतात, कारण उपकरण जे दाखवतं ते पहिल्या नजरेला उलटं वाटतं.

या उपकरणात विमानाचं छोटं चिन्ह काचेवर स्थिर असतं, हलतं ते मागचं क्षितिज. विमान उजवीकडे कललं की क्षितिजाची रेषा डावीकडे झुकते: तिचं डावं टोक खाली, उजवं वर. वरंधा घाटात मोटारसायकलवर मागे बसून वळणाबरोबर डोकंही कलू दिलंत, तर समोरची डोंगररांग नेमकी अशीच उलट्या बाजूला झुकताना दिसते. डोंगर जागचा हललेला नसतो. नाक वर असेल तर क्षितिज चिन्हाच्या खाली जातं आणि निळं आकाश जास्त दिसतं. नाक खाली असेल तर तपकिरी जमीन जास्त.

हे वाचून कळत नाही, हाताने करावं लागतं. पुठ्ठ्याची गोल चकती कापा. वरचा अर्धा भाग निळा, खालचा तपकिरी रंगवा आणि मध्यावर टाचणी टोचून ती दुसऱ्या पुठ्ठ्यावर फिरेल अशी बसवा. पुढे एक आगकाडी आडवी धरा, ते तुमचं विमान. आता चकती फिरवा आणि मोठ्याने म्हणा: 'उजवीकडे कललोय', 'डावीकडे आणि नाक खाली'. पहिल्या दिवशी दहापैकी चार चुकतील. आठवड्याने चकतीची गरज उरत नाही.

मग होकायंत्र जोडा. अशा सरावप्रश्नांत बहुधा पाहणारा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे असं धरतात. म्हणजे उत्तरेला जाणाऱ्या विमानाची शेपटी तुम्हाला दिसते, पूर्वेला जाणाऱ्याचं नाक तुमच्या उजवीकडे असतं आणि दक्षिणेला जाणारं विमान थेट तुमच्यावर चालून येतं. घोळ होतो तो या शेवटच्या विमानात. ते समोरून येतंय, म्हणून त्याचा डावा पंख तुमच्या उजव्या हाताला. क्षितिज सांगतंय 'डावीकडे कल', तर चित्रात तुमच्या उजव्या बाजूचा पंख खाली गेलेला हवा. खेळण्यातलं विमान हातात धरून प्रत्येक जोडी करून पाहा. घरचे हसतील, हसू द्या. हवाई दलाचे वैमानिकही उड्डाणानंतर चर्चा करताना हातांची विमानं करतात.

उत्तर शोधताना क्रम ठेवा: आधी दिशा, मग नाक वर की खाली, शेवटी कल. दिशा कळली की निम्मी चित्रं तिथेच बाद होतात. आठवडाभर घड्याळ न लावता सराव करा, मग लावा. अचूकता येण्याआधी वेगाच्या मागे लागलात तर चुकाच वेगाने व्हायला लागतात.

हात, पाय आणि कान

यंत्रावरच्या भागात दांडी (जॉयस्टिक) आणि पायातली पेडलं वापरून पडद्यावरचा ठिपका काबूत ठेवायचा असतो. तो सतत भरकटत असतो. जुन्या पीएबीटीत याच वेळी मध्येच दिवे लागत, आवाज होत आणि त्यांनाही उत्तर द्यावं लागे. विमान सांभाळताना रेडिओ ऐकू येतोय ना आणि इशाऱ्याचा दिवा दिसतोय ना, हेच त्यातून पाहायचं असतं.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पायाने चालवायचं शिलाई मशीन घरात असेल तर आईकडून किंवा आजीकडून सरळ शिवण घालायला शिका. पायाचा ठेका वेगळा, हाताची दिशा वेगळी आणि नजर सुईवर. याहून चांगला सराव मला माहीत नाही. पायपेटीही तेच काम करते. ट्रॅक्टर किंवा मोटार चालवण्याचा परवाना असेल तर उत्तम. कॉम्प्युटरवर उड्डाणाचा सिम्युलेटर खेळत असाल तर दांडीबरोबर पेडलंही जोडा, नुसता कीबोर्ड बडवून काही साधत नाही.

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही: पतंग एका बाजूला गेला की मांजाला हिसडा द्यायचा नसतो, किंचित ओढायचं आणि लगेच ढील द्यायची. ठिपक्याचंही तसंच आहे. तो डावीकडे पळाला म्हणून दांडी जोरात उजवीकडे मारलीत की तो उजवीकडे दुप्पट पळतो, आणि मग तुम्ही त्याच्यामागे धावत सुटता. दुरुस्ती छोटी करा, लवकर करा आणि हात सैल ठेवा. दांडी मुठीत आवळली की खांद्यापर्यंत सगळं ताठरतं.

लक्ष विभागण्याचा सराव असा: सिम्युलेटरवर किंवा मोबाइलमधल्या एखाद्या तोल सांभाळण्याच्या खेळावर हात चालू ठेवा आणि भावंडाला मधूनमधून आकडे बोलायला सांगा. सम आकड्याला टाळी, विषमला गप्प. बोलणारा जितका खोडकर, तितका सराव चांगला.

एक सावधगिरी. माझ्या ओळखीच्या एका मुलाने एका क्लासमध्ये 'हुबेहूब तसंच' म्हणून ठेवलेल्या यंत्रावर तासन् तास घालवले. प्रत्यक्ष चाचणीत दांडीची दिशा त्याच्या सवयीच्या उलट निघाली आणि त्याचा अर्धा वेळ स्वतःच्या हातांशी भांडण्यात गेला. कोणत्या पेडलने ठिपका कुठे जातो, हे पाठ करून जायची गोष्ट नाही. वेगवेगळ्या साधनांवर खेळा, खेळाच्या सेटिंगमध्ये दिशा उलटी करूनही खेळा. नवीन नियम दोन मिनिटांत अंगवळणी पाडता येणं, एवढं कमावलंत तरी पुष्कळ.

त्या दिवशी

आदल्या रात्री झोपा. शिफारस झालेली मुलं रात्रभर गप्पा मारतात, तुम्ही उठून जा. सकाळी नेहमीइतकाच चहा घ्या. पोटभर पण हलकं खा.

चाचणीआधी सूचना सांगतात. त्या वेळी 'हे मला माहीत आहे' असं मनात आलं की सावध व्हा, नेमकं त्याच क्षणी कान बंद होतात. चित्र कुठल्या बाजूने पाहायचं, दांडी ओढली की ठिपका वर जातो की खाली, चुकीच्या उत्तराचं काय होतं, हे त्या सूचनांतच असतं. कळलं नाही तर विचारा. विचारल्याने गुण जात नाहीत, पण चाचणी सुरू झाल्यावर विचारायची सोय नसते.

ठिपका हातातून निसटला, एखादा दिवा चुकला, तर चुकला. मागे वळून बघाल तेवढ्यात पुढचे दोन चुकतील.

त्यानंतर

पास झालात तर पुढे वैद्यकीय तपासणी, दिल्लीत किंवा बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये. तिथे काही कारणाने अडकलात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या वाटेने आलात, तर ही चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. निकालाचा कागद जपून ठेवा.

नापास झालात तर हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखा, आणि एनडीएतून आला असाल तर लष्कर आणि नौदल, तुमच्या पसंतीक्रमाप्रमाणे खुले राहतात. म्हणून अर्ज भरताना खालचे पसंतीक्रम 'उगाच काहीतरी' म्हणून भरू नका. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारं सरकारी कार्यालय देतं, त्याचा या चाचणीशी संबंध नाही.