घरबसल्या ॲप्रूव्हलवर पोस्टाची तिकिटं कशी घ्यायची

ॲप्रूव्हलचा हिशेब सरळ आहे. डीलर किंमत टाकलेली तिकिटं पोस्टाने तुमच्या घरी पाठवतो, तुम्ही ती निवांत बघायची, आवडतील ती ठेवून तेवढ्याचे पैसे पाठवायचे आणि उरलेली ठरलेल्या मुदतीत परत करायची. एकही नाही आवडलं तरी चालतं, सगळी परत, तुमचा खर्च फक्त परतीच्या पोस्टेजचा. मुदत साधारण दहा-पंधरा दिवस असते. इंग्लंड-अमेरिकेत ही पद्धत फार जुनी, तिकडे मुलांच्या मासिकांत 'एवढी तिकिटं फुकट' अशा जाहिराती यायच्या आणि त्या फुकट पाकिटासोबत ॲप्रूव्हलचे कागद गुपचूप यायचे, मग बिल भरायला वडील.

आता कुणी म्हणेल व्हॉट्सॲपवर फोटो येतातच की, मग हा पोस्टाचा उद्योग कशाला. तर फोटोत तिकिटाचं तोंड दिसतं आणि किंमत ठरते बऱ्याचदा पाठीवर. गम, म्हणजे मागचा डिंक, मूळचा आहे का, हिंज, म्हणजे अल्बमात चिकटवायची छोटी कागदी पट्टी, लावलेलं का, कागद कुठे सोलवटलाय का, हे सगळं मागे. ॲप्रूव्हलमध्ये तिकीट पैसे देण्याआधी तुमच्या हातात येतं, उलटून बघता येतं. माझ्या मते या पद्धतीचा सगळा फायदा एवढ्यातच आहे, आणि ज्याला उलटून बघायचा कंटाळा आहे त्याने सरळ फोटोवरून घ्यावीत, उगाच पोस्टाला पैसे देऊ नयेत.

आधी यादी करा

डीलरला 'काहीही पाठवा, नवीनच सुरू केलंय' असं कधीच सांगू नका. असं सांगितलं की हमखास काय येतं तर अजमान, फुजैरा, शारजा वगैरे आखाती अमिरातींच्या नावाची साठ-सत्तरच्या दशकातली मोठी मोठी रंगीत तिकिटं, आणि जुन्या पूर्व युरोपातली सीटीओ, म्हणजे पत्रावर कधी न लागता छापखान्यातूनच शिक्का मारून आलेली. दिसायला सुंदर, मुलांना द्यायला छान, पण पुढे विकायला गेलात तर कुणी विचारत नाही.

त्यापेक्षा एक छोटा विषय धरा. ठाणेकराला सगळ्यात सोपा विषय म्हणजे रेल्वे, कारण देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती आपल्या ठाण्यालाच आली. त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा १९५३ मध्ये दोन आण्यांचं तिकीट निघालं, त्यावर जुनं आणि नवं अशी दोन इंजिनं आहेत, आणि दीडशे वर्षांच्या निमित्ताने २००२ मध्ये पंधरा रुपयांचं. अशी चार-सहा तिकिटं वर्षासकट लिहून काढली, समोर मिंट (न वापरलेलं, कोरं) पाहिजे की युज्ड (शिक्का बसलेलं) ते लिहिलं, की झाली यादी. पक्षी घ्या, गांधी घ्या, काहीही घ्या, पण ते लिहून काढा.

नवीन इश्यू, म्हणजे पोस्टाने नुकतीच काढलेली तिकिटं, मात्र ॲप्रूव्हलवर अजिबात मागवू नका. ती मुंबई जीपीओच्या फिलाटेलिक ब्युरोत, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांच्या काउंटरवर, छापील किमतीला मिळतात, ठाण्याहून सेंट्रलने नाहीतर वाशी-नेरुळहून हार्बरने सीएसएमटीला उतरलं की बाजूलाच जीपीओ आहे. तेवढंही जायचं नसेल तर २०० रुपये भरून फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडा, नवीन तिकिटं घरी येत राहतात. पोस्टातच मिळणाऱ्या पाच रुपयांच्या तिकिटाला डीलरला पंचवीस रुपये का द्यायचे?

डीलर

प्रदर्शनात भेटलेला डीलर सगळ्यात बरा. पोस्टाच्या महाराष्ट्र सर्कलचं महापेक्स हे तिकिटांचं प्रदर्शन भरतं तेव्हा बाहेरगावचे डीलरही स्टॉल लावतात, तिथे दोन-चार तिकिटं रोखीने घ्या, बोला, आणि मग विचारा की ॲप्रूव्हलवर पाठवता का. अनोळखी माणसाला कुणीच आपला माल उधार पाठवत नाही, त्यामुळे तुमच्या बाजूनेही ओळख लागते. क्लबची मेंबरशिप असेल तर काम लवकर होतं. मुंबईत फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया आहे, ही संस्था १८९७ मध्ये स्थापन झालेली, अशा ठिकाणी दोन माणसं ओळखीची झाली की कोण डीलर सरळ आणि कोणाचं पाकीट नीट बघून घ्यावं लागतं हे चहा पितापिता कळतं.

मग मेसेज टाकायचा. साधारण असा: 'नमस्कार सर, महापेक्समध्ये तुमच्या स्टॉलवर भेटलो होतो. मी ठाण्यात राहतो, भारतीय रेल्वे विषय जमवतो, यादी जोडली आहे. पहिलं पाकीट हजार रुपयांच्या आतलं पाठवाल का? मुदत किती दिवस, जाता-येता पोस्टेज कोणाकडे, वाटेत हरवलं तर जबाबदारी कोणाची, एवढं कळवा.' हे शेवटचं विचारायला लाज वाटते लोकांना, पण विचाराच, आणि उत्तर लेखी घ्या, फोनवर नको. बहुतेक डीलरांचा नियम असा की पाकीट तुम्हाला मिळालं की परत त्यांच्या हातात पडेपर्यंत जबाबदारी तुमची. म्हणून पहिलं पाकीट छोटं.

पत्ता देताना विंग, फ्लॅट नंबर, पिन आणि मोबाईल नंबर नीट द्या. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या टॉवरात पोस्टमन वर येईलच असं नाही, गेटवर रजिस्टरमध्ये सही होते आणि पाकीट वॉचमनच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीशेजारी पडून राहतं. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय, त्यामुळे आता पाकीट स्पीड पोस्टनेच येणार, त्यात ओटीपी दिल्यावरच डिलिव्हरी अशी सोय घेता येते, डीलरला ती घ्यायला सांगा. ऑफिसचा पत्ता देऊ नका, ऐरोलीच्या आयटी पार्कातल्या मेलरूममध्ये गेलेलं पाकीट कधी टेबलावर येईल याचा भरवसा नाही.

पाकीट आलं की

पंखा बंद करा. हो, मे महिन्यात सुद्धा. पंख्याच्या वाऱ्याने तिकीट सोफ्याखाली गेलं तर ते तुम्ही विकत घेतलं असं समजायचं. चहा, पाण्याचा ग्लास, लहान मुलं सगळं टेबलापासून लांब, हात कोरडे.

कात्रीने पाकिटाची कड कापताना आत काय आहे ते आधी चाचपून बघा. तिकिटं खिसे असलेल्या पानांत लावून येतात. मग काही बाहेर काढायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो, वरून, नंबर आणि किंमत वाचता येईल असा. तिकिटं मोजा आणि डीलरच्या मेमोशी, म्हणजे सोबत आलेल्या यादीशी, ताडून बघा. मेमोत चाळीस लिहिलीत आणि आत एकोणचाळीस निघाली तर त्याच क्षणी मेसेज करायचा, संध्याकाळी नाही, उद्या तर नाहीच. ओळखीतल्या वाशीच्या एका काकांचं एका डीलरशी यावरूनच वाजलं, एक तिकीट कमी होतं, काकांनी आठवड्याने सांगितलं, आता कोण कोणाचं ऐकणार.

त्यानंतर चिमटा. तिकिटांचा चिमटा वेगळा मिळतो, टोकं चपटी आणि गुळगुळीत, भुवया कोरायचा चिमटा वापरला तर त्याच्या दात्यांचे ओरखडे तिकिटावर उमटतात. एका वेळी एकच पान उघडं ठेवा, तिकीट काढलं की बघून त्याच खिशात परत, नाहीतर वीस रुपयांचं तिकीट दोनशेच्या खिशात जातं आणि डीलरला वाटतं तुम्ही बदललं.

उलटून बघा

मिंट तिकिटाची पाठ उजेडाकडे तिरकी धरली की गम चमकतो. त्यात चौकोनी डाग दिसला तर तिथे कधीतरी हिंज होतं. हिंज असणं वाईट नाही, जुन्या तिकिटांत असतंच, पण मग किंमत एमएनएचची, म्हणजे कधीच हिंज न लागलेल्या तिकिटाची नको. गम एकदम एकसारखा, नवाकोरा, काचेसारखा दिसतोय आणि तिकीट मात्र इंग्रजांच्या काळातलं आहे, तर शंका घ्या. आपल्या हवेत इतक्या वर्षांत गम पिवळट होतो, तडकतो, इतका गोरापान सहसा राहत नाही. मागाहून गम लावलेल्या तिकिटाच्या कडेच्या दातांवरून बोटाची कड हलकेच फिरवा, गम दातांच्या टोकांपर्यंत झिरपलेला असतो त्यामुळे ते कडक लागतात. मूळ तिकिटाला आधी गम आणि मग भोकं, म्हणून दात मऊ, तंतू सुटलेले.

आता तिकीट दिव्यासमोर धरा. कुठे कागद जास्त पारदर्शक दिसला तर तिथे थिन आहे, म्हणजे हिंज ओढून काढताना कागदाचा पापुद्रा गेलाय. काळ्या प्लास्टिकच्या ट्रेवर पालथं ठेवलं तरी थिन आणि घडी दोन्ही लवकर कळतात. कडेला तपकिरी ठिपके असतील तर ते बुरशीचे, त्याला टोनिंग म्हणतात, आणि ते एका तिकिटावरून दुसऱ्यावर पसरतात, असं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी घरात घेऊ नका.

जून ते सप्टेंबर शक्यतो मिंट तिकिटांचं ॲप्रूव्हल मागवूच नका. आपल्याकडची दमट हवा गमला लागली की तिकीट गोल वळतं नाहीतर खिशाला चिकटतं, आणि चिकटलं की ते तुमचं. युज्ड चालतील, त्यांना गमच नाही.

किंमत पटते का

डीलर लिहितो 'कॅटलॉग ४००, तुम्हाला १५०', आणि माणूस खूश. पण कॅटलॉगची, म्हणजे तिकिटांच्या छापील किंमतसूचीतली, किंमत निर्दोष तिकिटाची असते, आणि स्टॅनली गिबन्ससारख्या कॅटलॉगमधली सगळ्यात कमी किंमत तर तिकिटाची नसतेच, ते तिकीट शोधून, पाकिटात घालून देण्याची डीलरची मजुरी असते. त्यामुळे स्वस्तातल्या साध्या तिकिटांवर 'कॅटलॉगच्या निम्म्यात' याला फार अर्थ नाही. तेच तिकीट दोन-तीन ऑनलाइन लिलावांत शेवटी किती रुपयांना गेलं ते बघा, विकणाऱ्याने मागितलेली किंमत बघू नका.

भारी तिकिटाचा एक वेगळा नियम. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधींची चार तिकिटं, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, सगळ्यांना पाहिजे असतात आणि त्यातलं दहा रुपयांचं बाजारात भरपूर नकली फिरतं. खरं तिकीट स्वित्झर्लंडच्या कूर्वाझिए छापखान्यात फोटोग्रॅव्ह्युअरने छापलेलं आहे आणि परफोरेशन, म्हणजे कडेच्या दोन सेंटीमीटरमधली भोकं, साडेअकरा. परफोरेशन गेजची पट्टी स्वस्तात मिळते, लावून बघा. नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्चही मारा, कागद निळसर पांढरा झगमगला तर तो बहुधा अलीकडचा कागद आहे. पण हे दोन्ही पास झालं म्हणून तिकीट खरं ठरत नाही, एवढ्या किमतीच्या वस्तूला तज्ज्ञाचं सर्टिफिकेट पाहिजे आणि ते नसेल तर सरळ परत. डीलर कितीही 'साहेब गॅरंटी' म्हणू दे.

परत पाठवताना

काय ठेवलं ते मेमोवर टिक करा, बेरीज करा, त्याच मेमोचा फोटो डीलरला पाठवा आणि पैसे यूपीआयने त्याच दिवशी टाका, रिमार्कमध्ये मेमो नंबर. घासाघीस करायची असेल तर ती ठेवण्याआधी मेसेजवर करा, कमी पैसे टाकून 'ॲडजस्ट करा' असं लिहिणाऱ्याला पुढचं पाकीट येत नाही.

उरलेल्या पानांचे परत फोटो काढा. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, बाहेरून प्लास्टिक, मग पाकीट. स्टेपलर अजिबात नको, आणि सेलोटेप पुठ्ठ्याला लावा, ग्लासिनच्या, म्हणजे तिकिटं ठेवायच्या पातळ गुळगुळीत कागदाच्या, पाकिटांना नाही, उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळून आत जातो. मुदत संपायच्या दोन-तीन दिवस आधी स्पीड पोस्ट करा, काउंटरवर पावती घ्या, ट्रॅकिंग नंबर लगेच कळवा आणि पावती डीलरचं 'मिळालं' येईपर्यंत जपा. माल काही हजारांचा असेल तर इन्शुरन्स करून पाठवा, साधं पाकीट हरवल्यावर पोस्ट जी भरपाई देतं त्यात तिकिटाची किंमत निघत नाही. गावाला जायचं असेल, घरी कुणी आजारी असेल तर मुदत संपायच्या आधीच कळवून चार दिवस वाढवून घ्या, डीलर नाही म्हणत नाहीत, गप्प बसलेल्या गिऱ्हाइकावरच चिडतात.

पहिल्या पाकिटाचा व्यवहार नीट झाला की डीलर विचारतो, दर महिन्याला पाठवू का. इथे लगेच हो म्हणू नका, कारण मग यादीबाहेरचं यायला लागतं आणि दर वेळी परतीचं पोस्टेज तुमच्या माथी. 'मी मागेन तेव्हाच पाठवा, आणि यादीतलंच' असं लिहून टाका. तरीही न मागता पाकीट आलं तर ते न फोडता डीलरला मेसेज करा, पोस्टेज त्याच्याकडून घ्या आणि परत पाठवा.