यादवीची बातमी वाचताना नकाशा कसा बघायचा

आफ्रिकेतल्या कुठल्या देशात यादवी पेटली की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात, "त्यांच्यात टोळ्या आहेत हो" नाहीतर "हिऱ्यांसाठी मारामारी". दोन्ही अर्धवट आहेत. मी आजकाल बातमी बाजूला ठेवून मोबाईलवर आधी नकाशा उघडतो. उदाहरणाला सिएरा लिओन घ्या, तिथली यादवी १९९१ ते २००२ चालली.

आधी हे बघा की जमिनीतला माल काढायला लागतं काय. पूर्वेच्या कोनो जिल्ह्यात हिरे नदीच्या गाळात मिळतात. फावडं, चाळणी, बादली आणि दिवसभर पाण्यात वाकून उभी राहणारी माणसं, बस्स. म्हणजे बंदुका घेतलेल्या पोरांनी नदीकाठ ताब्यात घेतला, गावकऱ्यांना धाकानं कामाला जुंपलं की झाली खाण सुरू. आता बोत्स्वाना बघा. हिरे तिथेही आहेत, उलट कितीतरी जास्त, पण मुख्य खाणी खडकातल्या, ओरापा आणि ज्वानेंगच्या, तिथं अवाढव्य मशिनरी आणि प्रचंड भांडवल लागतं, सरकार आणि डी बीअर्स ही हिरे कंपनी मिळून त्या चालवतात. फावडं घेऊन गेलेल्या बंडखोराला तिथं काय मिळणार? अर्थात तिथं शांतता राहिली त्यात बऱ्या कारभाराचाही हात आहे, सगळं श्रेय खडकाला देऊन मोकळं होऊ नका.

मग राजधानी कुठं आणि माल कुठं ते बघा. फ्रीटाऊन पश्चिमेला समुद्राकाठी, हिरे पार दुसऱ्या टोकाला, मध्ये जंगल आणि पावसाळ्यात चिखल होणारे रस्ते. आणि पूर्वेला चिकटून लायबेरिया. आरयूएफ या सिएरा लिओनमधल्या संघटनेचे बंडखोर मार्च १९९१ मध्ये तिथूनच कैलाहुन नावाच्या जिल्ह्यात घुसले, त्यांना लायबेरियातला बंडखोर नेता, पुढे तिथलाच अध्यक्ष झालेला चार्ल्स टेलर याची फूस होती, हिरे तिकडे जायचे आणि बंदुका इकडे यायच्या. इथं मालाचं वजनही बघायचं, हिरा खिशात मावतो, लोखंडाच्या खनिजाला रेल्वे आणि बंदर लागतं. आपल्या गडचिरोलीत माओवादी तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडून वसुली करायचे, तिथंही माल कुठून निघतो आणि कुठल्या रस्त्यानं बाहेर जातो हाच प्रश्न.

पुढचं, दोन्ही बाजूंची तिजोरी वेगवेगळी आहे का? अंगोलात सरकारकडे समुद्रातलं तेल होतं, तिथं बंडखोर पोचूच शकत नव्हते, आणि युनिटा या बंडखोर संघटनेकडे लुंडा भागातले नदीतले हिरे. बाहेरच्या देशांची मदत आटली तरी दोघांचं भागत राहिलं. १९७५ ला सुरू झालेलं ते युद्ध फेब्रुवारी २००२ मध्ये युनिटाचा नेता साविंबी मारला गेल्यावरच थांबलं.

पण नकाशावर सगळं दिसत नाही हां. सिएरा लिओनमध्ये राष्ट्राध्यक्ष सियाका स्टीव्हन्सच्या काळात एकपक्षीय राजवट आली, हिऱ्यांचा पैसा मूठभरांच्या घशात गेला, पोरं बेकार, गावचे मुखिया मनमानी करणारे, हा राग नसता तर नुसत्या गाळातल्या हिऱ्यांवर एवढी माणसं मिळाली असती का? मला नाही वाटत. म्हणून बातमीत "लूट" दिसलं की "राग कशाचा" हेही शोधा.

तह झाला की त्याची कलमं जरूर वाचा, खरी मागणी बऱ्याचदा तिथं उघडी पडते. जुलै १९९९ च्या लोमे करारात बंडखोरांचा नेता फोडे सांको याला खनिजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष केलं, म्हणजे बोक्यालाच दुधाची राखण! तह टिकला नाही, पुढच्याच वर्षी पुन्हा भडका उडाला.

आणि शेवटी शेजारच्या देशाची निर्यात तपासा. लायबेरियाच्या खाणीतून निघू शकत नव्हते त्याच्या कितीतरी पट हिरे "लायबेरियाचे" म्हणून बेल्जियममधल्या अँटवर्पच्या हिरेबाजारात नोंदले जात होते, कागदावर सगळं बिनचूक. २००३ पासून, हिरे यादवीतल्या बंडखोरांकडचे नाहीत असं सांगणारं किंबर्ली प्रक्रिया या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचं सर्टिफिकेट आलं, सुरतेला पैलू पाडायला येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांसोबतही ते लागतं, पण त्यातली "संघर्षातले हिरे" ही व्याख्या बंडखोरांच्या हिऱ्यांपुरतीच आहे. २००८ मध्ये झिम्बाब्वेत मरांगेच्या हिऱ्यांच्या खाणभागात लोकांवर गोळ्या झाडल्या त्या सरकारी फौजांनी, त्या व्याख्येत ते बसतच नाही.