अमेरिकेत नवी आरव्ही घेताना भाव कसा करावा

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर; इथे मी गाडीमागे जोडून ओढायच्या आरव्हीबद्दल, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरबद्दल बोलतोय. कोणता ट्रेलर हवा आणि आपली गाडी किती वजन ओढते, हे ठरल्याशिवाय भावाला बसू नका. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला सप्टेंबरात आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे आत शिरून, पलंगावर आडवं होऊन बघता येतं.

मग त्या एकाच मॉडेलसाठी चार-पाच डीलरना ईमेल करा आणि फक्त 'आउट द डोअर' किंमत मागा: टॅक्स, रजिस्ट्रेशन, फ्रेट (कारखान्यातून आणायचा खर्च), प्रेप (ताब्यात देण्याआधीची तयारी), डॉक फी (कागदपत्रांचा खर्च) सगळं धरून. एमएसआरपीवर, म्हणजे कंपनीने सुचवलेल्या छापील किमतीवर, दहा टक्के सुटले की खूश होणारे पुष्कळ भेटतील. ट्रॅव्हल ट्रेलरला मी २५ टक्क्यांपासून बोलायला सुरुवात करतो. डीलरच्या आवारात मागच्या वर्षीचं मॉडेल पडून असेल तर त्याहून जास्त मागतो.

आता खरी मेख. भाव ठरला की तुम्हाला फायनान्सच्या खोलीत नेतात. पहिल्या ट्रेलरच्या वेळी मी आठवडाभर घासाघीस करून वाचवलेले पैसे त्या खोलीत तासाभरात घालवले. "महिन्याला किती परवडेल?" असा प्रश्न आला आणि मी आकडा सांगून टाकला. तो कधीही सांगू नका. आरव्हीचं कर्ज २० वर्षांपर्यंत ताणता येतं, त्यामुळे हप्ता हवा तितका लहान करून दाखवता येतो. ४०,००० डॉलर ८ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ४८५ आणि एकूण फेड ५८,२०० डॉलर. २० वर्षांसाठी हप्ता ३३५ वर येतो, फेड मात्र ८०,३०० वर जाते.

एक्स्टेंडेड वॉरंटी, कापडावरचं कोटिंग, टायरचा विमा हे सगळं याच खोलीत गळ्यात पडतं. "महिन्याला फक्त २५ डॉलर" म्हणजे त्याच २० वर्षांच्या कर्जात ३,००० ची वस्तू ६,००० ला. मला यातलं काहीच नको असतं आणि मी तसं पहिल्याच वाक्यात सांगतो. कर्ज आधीच क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या मालकीची, आपल्या पतपेढीसारखी संस्था) मंजूर करून न्या. डीलरने त्याहून कमी व्याज लेखी दिलं तरच त्याचं घ्या. कागदावर ईमेलमधल्यापेक्षा एक डॉलर जास्त दिसला तरी उठा. सही केल्यावर तीन दिवसांत करार मोडता येतो असं कुणी सांगेल, पण तो केंद्रीय नियम डीलरच्या शोरूममधल्या खरेदीला लागू नाही.

पैसे देण्याआधी ट्रेलरला वीज-पाणी जोडायला लावा. सिंकखाली आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत हात फिरवा. ओल लागली तर दुरुस्ती होईपर्यंत चेक खिशातच ठेवा.