पार्ट बदलण्याआधी वीज बघा: पीसी दुरुस्ती शिकताना या चुका टाळा

'डिस्प्ले येत नाही' म्हटलं की नवशिक्याचा हात आधी रॅमकडे जातो. खोडरबराने घासून ती परत बसवायची, नाहीच जमलं तर मित्राची आणायची, मग ग्राफिक्स कार्ड बदलून बघायचं, आणि शेवटी कुणीतरी जाणकार मान हलवून सांगतो की बोर्ड गेलाय. एवढ्या खटाटोपात भिंतीतला सॉकेट आणि पीसीला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कुणी तपासलेलाच नसतो. दुकानात सतत हेच बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पहिली चूक अर्थिंगची. 'कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात' हे लोक हसत हसत सांगतात, वर 'पण चालतंय तसं' अशी पुस्तीही जोडतात. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यातला एक छोटा कपॅसिटर फेजपासून आणि दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला असतो. विजेतला गोंगाट अर्थकडे सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर तो पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या अधांतरी राहतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणूस नुसता दचकतो. पण याच पीसीला एचडीएमआयने टीव्ही जोडला आणि टीव्हीची केबल कुठेतरी अर्थ झालेली असली, की तो करंट पोर्टातून वाट काढतो. वायर लावताना बारीक ठिणगी दिसते, पोर्ट जातो, आणि गिऱ्हाईक टीव्ही कंपनीला शिव्या घालतं.

तपासणी सोपी आहे, फक्त मेन्सवर मीटर लावायची सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या. मीटर एसी व्होल्टच्या सर्वात मोठ्या रेंजवर ठेवायचा, आणि लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात नाही ना हे आधी बघायचं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट आलं तर ठीक. फेज-अर्थ भलतंच कमी आलं किंवा आकडा नाचत राहिला, तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा जमिनीतला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. जुन्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घालावं लागतं, हे नव्या घरमालकांना कुणी सांगतच नाही.

यावर एक महाभयंकर जुगाड चालतो: सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थला वायरचा तुकडा टाकून जोडून द्यायचं. झिणझिण्या लगेच थांबतात, वायरमन पैसे घेऊन जातो. पुढे कधी सॉकेटपर्यंत येणारी न्यूट्रल तुटली की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. प्लगची अर्थची पिन मोडणारे आणि थ्री-पिनला टू-पिन कन्व्हर्टर लावणारे त्या मानाने बरे म्हणायचे, पण माझ्या दुकानात त्यांचाही पीसी मी तसा चालू करून देत नाही.

दुसरी चूक अलीकडे फार वाढली आहे. मॉड्युलर एसएमपीएस आले, म्हणजे वायरी दोन्ही टोकांनी निघणारे. इंजिनीअरिंगचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं म्हणून त्याने मोठा, दुसऱ्या कंपनीचा एसएमपीएस बसवला होता. जुन्या वायरी मागून छान झिप-टाय मारून फिरवलेल्या. त्या सोडवायचा कंटाळा आला, म्हणून जुन्या वायरी तशाच ठेवून फक्त एसएमपीएसकडचं टोक नव्यात खोचलं. टोक खट्कन बसलं. बटण दाबलं आणि जळका वास आला. एसएसडी आणि हार्ड डिस्क, दोन्ही गप्प. हार्ड डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, दुसरी कॉपी कुठेच नाही. मुलगा यूट्यूबवरच्या व्हिडिओचं काहीतरी सांगत होता. वडील एवढंच म्हणाले, "दादा, बाकी काही नको, तेवढे फोटो बघा."

डिस्कला वीज देणारं साटाचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र कुठल्या पिनवर किती व्होल्ट द्यायचे हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. इथे ५ व्होल्टच्या लाइनवर १२ व्होल्ट गेले होते. हार्ड डिस्कच्या खालची सर्किटची पाटी काढून बघितली. बऱ्याच डिस्कमध्ये पॉवर कनेक्टरजवळ दोन काळे चपटे डायोड असतात, एक ५ चा, एक १२ चा. व्होल्टेज वाढलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि मागचं सर्किट वाचवतात. मीटर बझरवर लावला, ५ व्होल्टच्या डायोडवर तो कोकलला, म्हणजे डायोड शॉर्ट. डायोड काढून टाकला, डिस्क फिरली, सगळा डेटा लगेच दुसऱ्या डिस्कवर घेतला. ती डिस्क पुन्हा वापरायची नाही, कारण तिचं संरक्षण गेलेलं असतं. एसएसडी मात्र गेली ती गेलीच. 'त्याच मॉडेलची पाटी आणून बसवा' हा इंटरनेटवरचा सल्लाही अर्धवट आहे. पाटीवरच्या रॉम चिपमध्ये त्या-त्या डिस्कची माहिती असते, ती चिप उचलून नव्या पाटीवर लावावी लागते.

माझी सवय सांगतो. काढलेल्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी त्याच्याच खोक्यात, टेप मारून. नवा बसवला की डिस्क न जोडता साटाच्या टोकावर मीटर. पंधरा पिनांपैकी सात ते नऊवर ५ व्होल्ट (४.७५ ते ५.२५ चालतं), तेरा ते पंधरावर १२ (११.४ ते १२.६). मदरबोर्डकडे जाणाऱ्या मोठ्या टोकातली हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं म्हणणाऱ्यांनी निदान मीटर तरी विकत घ्यावा.

बाकीच्या चुकांवर फार बोलण्यासारखं नाही. डीडीआर-५ प्रकारच्या रॅमचा नवा पीसी पहिल्यांदा चालू केला की रॅम जुळवून घ्यायला कधीकधी काही मिनिटं लागतात. तोवर स्क्रीन काळी राहते आणि घायकुते लोक तीनदा बटण दाबून दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतात. चहा पिऊन या. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डालाच लावा. कूलरखालचं पारदर्शक प्लॅस्टिक काढा. एएम-४ (एएमडी प्रोसेसरचं एक सॉकेट) चा कूलर थंड असताना ओढू नका, प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो. पीसी थोडा वेळ चालवा, बंद करा आणि कूलर हळू पिळत काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा. तारीख सारखी मागे जात असेल आणि वेबसाइट उघडत नसतील तर विंडोज फॉरमॅट करू नका, बोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदला.

एसएमपीएस उघडून पंख्याला तेल घालणाऱ्यांनो, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात. ते काम शिकाऊ माणसाचं नाही.

आणि उघडलेला पीसी दुकानात आणायचाच असेल तर काढलेले सगळे स्क्रू डबीत घालून आणा. 'एखादा कमी असेल, घरी पडला असेल' म्हणतात. पीसीचा पंखा सेकंदभर फिरून थांबतो, आणि तो एखादा स्क्रू बोर्डाच्या मागे, पत्र्याला चिकटून सापडतो.