अलेप्पीची हाऊसबोट आणि पक्षी: दोन्ही हवंय तर असं करा

केरळातल्या अलेप्पीला (आताचं आलप्पुळा) हाऊसबोट घेतली की पक्षी आपोआप दिसतील असं वाटत असेल तर जरा थांबा. हाऊसबोट मस्तच असते, खायला-लोळायला तिच्यासारखं काही नाही, पण पक्ष्यांसाठी ती कुचकामी. साधारण दुपारी 12 ला सुटते, तेव्हा पक्षी सावलीत गप्प बसलेले, मग संध्याकाळी साडेपाचला काठाला बांधून टाकतात कारण पुढे मच्छीमारांच्या जाळ्यांची वेळ, आणि सकाळी नाश्ता देऊन 9 पर्यंत आपल्याला खाली उतरवतात. म्हणजे पहाट, जी खरी वेळ, ती काठावरच गेली ना!

म्हणून माझं ऐका, बोटीवर एकच रात्र काढा आणि एक रात्र जवळच्या कैनकरी गावाच्या बाजूला कालव्याकाठी एखाद्या होमस्टेमध्ये. आदल्या रात्रीच वल्हवायची छोटी होडी सांगून ठेवायची, इंजिनवाली नको, आणि सहाच्या आत पाण्यात. मोठी हाऊसबोट अरुंद कालव्यात शिरूच शकत नाही, ही होडी लोकांच्या मोरीपाशी, धुण्याच्या दगडापाशी पण जाते. खंड्या, पाणकावळे, पंख वाळवत बसलेला तिरंदाज, ढोकरी, जांभळी पाणकोंबडी, वर ब्राह्मणी घार, एवढं तर बहुतेक दिसतंच. भातखाचरात बदकांचा भलामोठा थवा दिसला तर हुरळून जाऊ नका, मी पाहुणे पक्षी समजून धडाधड फोटो काढले आणि मग काठी घेतलेला माणूस आला, कापणीनंतर चरायला सोडलेली पाळीव बदकं होती ती.

पाहुणे पक्षी बघायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गेलात तर कुमरकोमच्या पक्षी अभयारण्यात बगळे-पाणकावळ्यांची वीण चालू असते, पण चिखल आणि डास दोन्ही तयारीत असतात, फुल पॅन्ट घाला. मुहम्मा गावाहून कुमरकोमला सरकारी फेरीबोट वेंबनाड तलाव ओलांडून जाते, तिकीट अगदीच किरकोळ, आणि तलावावर सुरय पक्षी दिसतात ते वेगळेच. आलप्पुळा-कोट्टयम फेरीपण अशीच, अडीचेक तासांची. खरं सांगू, बजेट कमी असेल तर हाऊसबोट सोडून नुसत्या फेऱ्यांवर दिवस काढला तरी चालतंय.

एक गोष्ट बघाल, कुठे कुठे पाणी दिसतच नाही, नुसती जलपर्णी. कुट्टनाडची, म्हणजे या भातखाचरांच्या भागाची, बरीचशी शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, खारं पाणी आत येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारं उन्हाळ्याच्या आधी बंद करतात, भात वाचतो पण पाणी साचतं आणि जलपर्णी माजते, कारण खारं पाणीच तिला मारतं. वेंबनाड 2002 पासून रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहे, तरी हाऊसबोटींची गर्दी बघून पोटात गोळा येतो. बुकिंग करताना सांडपाणी कुठे सोडता हे सरळ विचारा, उत्तर द्यायला चाचरले तर दुसरी बोट बघा.

अजून काय विचारायचं? एसी दिवसभर की फक्त रात्री, स्वस्त पॅकेजमध्ये बऱ्याचदा रात्रीच असतो. वाटेत बोट मासळीवाल्यापाशी थांबवतात, तिथली कोळंबी पॅकेजमध्ये नसते, आधी भाव विचारा मग पिशवीत टाकू द्या. करीमीन मासा मात्र खाच, केळीच्या पानात भाजलेला, आपल्या सिंधुदुर्ग-गोव्याकडची काळुंदर तीच.

मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस कोकणातून थेट आलप्पुळ्याला जाते, पण ती दुसऱ्या दिवशी पोचते आणि 12 ची बोट हुकायची भीती, त्यामुळे त्याच दिवसाचं बुकिंग करू नका, उतरलात की होमस्टे, पहाटे होडी, आणि त्याच दुपारी हाऊसबोट. दुर्बीण 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी) पुरते, त्याहून मोठी घेतली तर होडी हलली की सगळंच हलतं.