उंबराच्या खोडावर धिंगरी दिसली तर

आषाढाची झड चार दिवस लागून राहिली की मुळशी, वेल्हे, मावळ, भोर भागात बांधावर पडलेल्या उंबराच्या नाहीतर सावरीच्या ओंडक्यावर पांढुरके-राखी पंखे एकावर एक फुटलेले दिसतात. देठ मधोमध नसतो, कडेला असतो, तोही आखूड. टोपी उलटी केली की खालच्या पातळ पट्ट्या थेट देठावर उतरलेल्या दिसतात. ही बहुधा धिंगरी अळंबी, म्हणजे बाजारात ऑयस्टर मशरूम म्हणून पाकिटात मिळते तिचीच रानातली बहीण.

‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. झाडावर उगवते म्हणून ती खाण्याजोगी, असे काही नाही. ठसा घेऊन पाहता येतो. टोपी कापून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पट्ट्यांची बाजू खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी धिंगरीची पांढरी किंवा किंचित जांभळट भुकटी (म्हणजे तिचे बीजाणू) कागदावर उतरलेली असते. ठसा हिरवट किंवा विटकरी आला तर टाकून द्या. पण पांढरा आला म्हणजे पास, असेही समजू नका. काही विषारी जातींचा ठसाही पांढराच येतो. शिजवताना टाकलेले चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसूण पांढरीच राहिली, गोगलगायीने खाल्ली म्हणजे आपल्यालाही चालेल, या तिन्ही कसोट्या खोट्या आहेत.

त्याच झाडावरची अळंबी वर्षानुवर्षे खुडणाऱ्या वाडीवरच्या जाणत्या आजी सोबत असतील, तरच टोपलीत घ्या. तेव्हाही कोवळी घ्या, नीट शिजवा, पहिल्यांदा थोडीच खा. रस्त्याकडेच्या किंवा औषध फवारलेल्या बागेतल्या झाडावरची नकोच. खाल्ल्यावर सहा-आठ तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले तर उरलेली अळंबी पिशवीत घालून ताबडतोब रुग्णालय गाठा. उलट्या थांबल्या म्हणून घरी परतू नका. घातक विषात मधे एक दिवस बरे वाटते आणि यकृत आतून बिघडत राहते.

बागायतदाराने मात्र ताटाआधी झाडाकडे पाहावे. ही बुरशी लाकडाला टणकपणा देणारे लिग्निन कुजवून जगते. वाळक्या ओंडक्यावर असेल तर तिचे काम चालू द्या. जिवंत आंब्याच्या खोडावर फुटली असेल तर आत कूज शिरली आहे. अळंबी खुडल्याने कूज जात नाही. अशी फांदी गोठ्यावर किंवा वाटेवर आलेली असेल तर वादळाची वाट न पाहता उघडीप मिळताच उतरवा. काप तिरका, गुळगुळीत घ्या आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी.

रानातल्या अळंबीवर जीव टांगण्यापेक्षा हीच धिंगरी काडावर घेता येते. पावसाळ्यात हवेतला ओलावा फुकट मिळतो, पण काड मिळत नाही. भाताचा नवा पेंढा दिवाळीच्या आसपास येतो. आत्ता जो आहे तो गतवर्षीचा, बऱ्याचदा गळक्या पत्र्याखाली भिजलेला. वाया जायला नको म्हणून मी एकदा तसलाच वापरला. बाराव्या दिवशी काड भरलेल्या वीसपैकी चौदा पिशव्या बुरशीने हिरव्यागार. काळवंडलेला, कुबट वास येणारा पेंढा गांडूळखतात घाला. उन्हाळ्यात कोरडे ठेवलेले गव्हाचे काड असेल तरच आत्ता सुरुवात करा, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत थांबा. पुण्याची हवा तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत धिंगरीला मानवते.

काडाचे 3 ते 5 सेंटिमीटरचे तुकडे रात्रभर भिजवा, मग 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. निथळल्यावर मूठ आवळून पाहा: तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. सगळी गोम या मुठीत आहे. जास्त ओल्या काडात स्पॉन, म्हणजे अळंबीचे बियाणे, गुदमरतो. 5 किलो ओल्या काडाला 100 ग्रॅम स्पॉन थराथराने टाका, पिशवीला भोके पाडा आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा. पंधरा-अठरा दिवसांत आतले काड पांढऱ्या जाळ्याने बांधले जाते. मग पिशवी कापा, खेळती हवा द्या, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हलका फवारा मारा. दारे-खिडक्यांना बारीक जाळी हवीच, पावसाळ्यात माशा फार येतात.

स्पॉन ताजा आणि खात्रीचा घ्या. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळंबी सुधार प्रकल्पाचे केंद्र आहे, पहिली चौकशी तिथे करा.

टोपीची कड खाली वळलेली असतानाच पिळून काढा. कड वर वळली की पांढरी भुकटी उडू लागते. बंद खोलीत ती रोज नाकात गेली तर खोकला, ताप, दम लागतो, म्हणून तोडणीला मास्क लावा. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन बहार मिळतात. मंडईत उठाव नसेल त्या दिवशी वाळवा. 10 किलो ओल्याचे साधारण 1 किलो सुके होते आणि हवाबंद डब्यात काही महिने टिकते. उरलेल्या काडाचे प्लास्टिक काढून टाका आणि ते उंबराखाली सावलीत रचून ओले ठेवा, पुढच्या सरीला आणखी एका भाजीपुरती धिंगरी निघते.