फ्यूजचा स्फोटवेग मोजताय? भागाकाराआधी आलेख काढा

डिटोनेटिंग फ्यूज, म्हणजे स्फोट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणारी दोरी; तिच्यातल्या स्फोटाचा वेग मोजण्याचं काम बहुधा नवख्याच्या वाट्याला येतं, कारण कागदावर ते सोपं दिसतं. दोन सेन्सर, त्यांच्यामधलं अंतर, मधे गेलेला वेळ, झाला भागाकार. या सोपेपणाने माझा फार वेळ खाल्ला, म्हणून हे लिहितोय.

आधी वेगाचा अंदाज डोक्यात पक्का बसू द्या. बिकफर्डने १८३१ साली काढलेली सेफ्टी फ्यूज नुसती जळते, मीटरभर जळायला दीड-दोन मिनिटं घेते. पीईटीएन या स्फोटकाचा गाभा असलेल्या डिटोनेटिंग फ्यूजमध्ये मात्र स्फोटच पुढे सरकत जातो, सेकंदाला साधारण ७००० मीटर. म्हणजे एक मीटर १४३ मायक्रोसेकंदांत. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली की उत्तर सुमारे ५० मीटरने हलतं. एक मिलिमीटर अंतर चुकलं तर फक्त सातने. फूटपट्टीची काळजी सगळेच करतात, खरी काळजी घड्याळाची करायची असते.

वेळ डिटोनेटरला (फ्यूज पेटवणाऱ्या छोट्या स्फोटक नळीला) दिलेल्या करंटपासून कधीच मोजू नका. डिटोनेटर पेटायला लागणारा वेळ फ्यूजमधल्या प्रवासापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो आणि दर खेपेला तो बदलतो. पहिला सेन्सर फ्यूजवरच हवा, आणि तोही डिटोनेटरपासून लांब, वेग स्थिरावल्यानंतर. हे कुणीतरी सांगतंच.

कुणी सांगत नाही ते पुढचं. दोन्ही सेन्सर सारखेच आहेत असं आपण गृहीत धरतो. स्फोटातल्या आयनीभूत, म्हणजे वीज वाहणाऱ्या वायूने सर्किट जुळलं की सिग्नल वर चढतो, पण दोन्ही चॅनेलवर (सेन्सरपासून घड्याळापर्यंतच्या वाटांवर) तो एकाच चालीने चढेलच असं नाही. समजा दुसरा चॅनेल ट्रिगरची पातळी (जिथे घड्याळ वेळ नोंदवतं) पहिल्यापेक्षा ३ मायक्रोसेकंद लवकर गाठतो. एक मीटर अंतरावर १४३ ऐवजी १४० दिसतील आणि उत्तर येईल सुमारे ७१५०. पुन्हा मोजा, पुन्हा ७१५०. दहा वेळा तेच येतं आणि आपल्याला वाटतं, मापन उत्तम चाललंय. आकडा स्थिर आहे, पण खोटा आहे. सरासरी काढून ही चूक जात नाही, कारण ती दर वेळी त्याच बाजूला असते.

आता तेच सेन्सर अर्ध्या मीटरवर लावा. ७१.४ ऐवजी ६८.४ मायक्रोसेकंद, उत्तर सुमारे ७३१०. एकाच फ्यूजचे दोन वेग! चोर इथे सापडतो. म्हणून एकाच शॉटमध्ये (स्फोटात) तीन-चार अंतरांवर सेन्सर लावा, त्यांचे चॅनेल सारखे ठेवा, अंतर आणि वेळ यांचा आलेख काढा आणि रेषेचा उतार घ्या. पहिल्या चॅनेलचा ठरावीक फरक रेषेला वर-खाली सरकवतो, उताराला हात लावत नाही. या उदाहरणात दोन वेळांमधला फरक ७१.४, अंतरांमधला फरक अर्धा मीटर, आणि ७००० परत मिळतो. शंका राहिली तर चॅनेलांची अदलाबदल करून पुन्हा शॉट घ्या.

वेग मोजायची दोत्रीश या संशोधकाची जुनी पद्धत मला आवडते. वेग माहीत असलेल्या संदर्भाच्या फ्यूजमध्ये दोन्ही टोकांकडून येणाऱ्या स्फोटाच्या दोन लहरी जिथे भिडतात तिथे धातूच्या पट्टीवर खूण उमटते, घड्याळ लागतच नाही. पण त्या फ्यूजचा वेग आधी माहीत असावा लागतो. तो चुकीचा असेल तर तुमचं उत्तरही त्याच प्रमाणात चुकतं.

वेगाचा तयार आकडा दाखवणाऱ्या यंत्रांवर माझा विश्वास नाही. निदान शिकताना तरी नाही. मूळ सिग्नल जपून ठेवा. जो वरिष्ठ आकडा पाहून मान डोलावतो त्याच्यापेक्षा ‘सिग्नल दाखव’ म्हणणाऱ्याच्या हाताखाली काम करा, तो कितीही चिडका असला तरी.

एका बाबतीत मात्र माझं मत चालत नाही, तुमचंही नाही. फ्यूज हाताळणं, शॉट देणं, शॉट फुटला नाही तर किती थांबायचं, हे सगळं परवानाधारक शॉटफायरर (स्फोट घडवणारा जबाबदार माणूस) ठरवतो. सेन्सर निसटला, अख्खा दिवस वाया गेला, तरी त्याने सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिले काही आलेख वेडेवाकडे येतील. घाबरू नका. रेषेपासून ढळलेला बिंदू खोडून टाकू नका, त्या सेन्सरपाशी फ्यूजला ढील होती का, ते आधी नोंदवहीत पाहा.